नव्या सुनेला कुणी सांगायचं?



छोटं गाव, मोठा वाडा, नुकतीच लग्न होऊन आलेली मुलगी, आणि घरात कुणीच बोलत नाही अशी एक गोष्ट. एवढं साहित्य जमलं की रहस्यमय प्रेमकथेची कादंबरी तयार होते. आपल्या पिढीने अशा कथा मासिकांत वाचल्या, दिवाळी अंकांत वाचल्या, आणि आता सुना-मुली त्याच मोबाइलवर मालिका म्हणून बघतात. आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं आटोपतात, त्यामुळे रात्रीचा वेळ मोकळा असतो आणि माझं असलं वाचन बरंच होतं. बहुतेक पुस्तकं दुसऱ्या दिवशी भांड्यांबरोबर विसळून जातात. एक मात्र गेलं नाही, ते म्हणजे डॅफ्नी द्यू मॉरिए यांचं 'रेबेका'.

कादंबरी १९३८ सालची, इंग्लंडमधली. लेखिका तेव्हा एकतीस वर्षांची होती. नवरा सैन्यात अधिकारी, त्याच्या बदलीमुळे ती इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला राहत होती. तिथल्या उकाड्यात तिला कॉर्नवॉलचा हिरवा समुद्रकिनारा आठवायचा आणि फॉय गावाजवळचं मेनाबिली नावाचं जुनं घर आठवायचं. ते घर तिने कादंबरीत मँडर्ली या नावाने उभं केलं. पुढे १९४३ मध्ये तिने ते खरंच भाड्याने घेतलं आणि पंचवीसेक वर्षं तिथे राहिली, पण मालकीण कधी झाली नाही. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिच्या नवऱ्याचं लग्न आधी दुसऱ्या एका मुलीशी ठरलं होतं आणि मोडलं होतं. त्या मुलीची जुनी पत्रं तिच्या पाहण्यात आली आणि मत्सराचं बी तिथे पडलं. लोक 'रेबेका'ला प्रेमकथा म्हणत, लेखिका मात्र ती मत्सराची कथा मानत असे.

आपल्यापैकी अनेकींनी ही गोष्ट वेगळ्या नावाने पाहिलेली आहे. १९६४ चा 'कोहरा' आठवतोय? वहिदा रेहमान, विश्वजीत, आणि काळजात धडकी भरवणाऱ्या दाईमाँ म्हणजे आपल्या ललिता पवार. तो सिनेमा याच कादंबरीवरून केलेला होता. त्याआधी १९४० मध्ये हिचकॉकने इंग्रजीत केला आणि त्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं.

आता पुढे मी रहस्य फोडणार आहे. ज्यांना आधी पुस्तक वाचायचं असेल त्यांनी ते वाचून मगच पुढे यावं.

गोष्ट सांगते ती एक विशीतली, आईबाप नसलेली, गरीब मुलगी. एका श्रीमंत बाईची पगारी सोबतीण म्हणून ती मॉन्टे कार्लोला आलेली असते. तिथे तिला मॅक्सिम द विंटर भेटतो. वयाने बराच मोठा, विधुर, मँडर्लीचा मालक. थोड्याच दिवसांत लग्न होतं आणि ती त्या प्रचंड घरात येते. संपूर्ण कादंबरीत तिचं नाव येत नाही. पहिल्या बायकोचं नाव मात्र मुखपृष्ठावरच आहे. रेबेका बोट बुडून वारली, एवढंच सगळे सांगतात. पण तिची खोली जशीच्या तशी ठेवलेली, तिचा रात्रीचा पोशाख पलंगावर, तिचं अक्षर टेबलावरच्या कागदांवर. घरची कारभारीण मिसेस डॅन्व्हर्स नव्या मालकिणीला पावलोपावली जाणवून देते की तुला त्या बाईची सर नाही.

पहिल्या वाचनात मला भीती वाटली ती डॅन्व्हर्सची. पुढच्या वाचनात लक्षात आलं की भीतीचं खरं कारण दुसरंच आहे. या घरात प्रत्येकाला काही ना काही ठाऊक आहे. नणंदेला थोडं, कारभार बघणाऱ्या फ्रँकला जास्त, नोकरांना त्यांच्यापुरतं. जवळच्या केरिथ गावातली माणसं भेटायला येतात, तीही नव्या सुनेकडे टक लावून बघतात. कुणीच काही कळू न देणारी एकटी तीच आहे. नवऱ्याला विचारायची हिंमत नाही आणि नवरा होऊन सांगत नाही. मग तिने काय करायचं? ती ती रिकामी जागा स्वतःच्या मनाने भरते. हा अजून पहिलीवरच प्रेम करतो, मी याच्या लायकीची नाही, असं ती पक्कं ठरवून टाकते. सगळं चूक असतं. पण न सांगितलेल्या गोष्टीच्या जागी माणूस स्वतःच्या मनातलं सगळ्यात वाईट तेच भरतो, आणि हे इंग्लंडच्या वाड्यात जितकं खरं आहे तितकंच आपल्या दोन खोल्यांच्या घरातही.

एक छोटा प्रसंग आहे. दिवाणखान्यातली चिनीमातीची एक महागडी बाहुली तिच्या हातून फुटते. ती घरची मालकीण, पण घाबरून तुकडे गोळा करते आणि टेबलाच्या खणात मागे दडवते. दुसऱ्या दिवशी आळ येतो एका नोकरावर. ज्या घरात मोठी माणसं मोठी गोष्ट दडवतात, त्या घरात नवी आलेली मुलगी आठ दिवसांत लहान गोष्टी दडवायला शिकते. तिला कुणी शिकवत नाही, घराची हवाच तशी असते.

मी बी.कॉम. केलं त्याला आता चार दशकं होऊन गेली. तेव्हा शिकलेलं बरंचसं विसरले, पण सस्पेन्स अकाउंट विसरले नाही. वही जुळवताना जमा आणि नावे यांत फरक आला आणि तो कुठला हे सापडेना, की तेवढी रक्कम तात्पुरती सस्पेन्स अकाउंटला टाकायची. आमचे सर म्हणायचे, ही रक्कम कुठेतरी ठेवलेली आहे, मिटलेली नाही. चूक शोधून ते खातं बंद करायचंच असतं. मँडर्लीत वर्षभर एक मोठी रक्कम अशीच पडून असते आणि तिचं व्याज रोज भरते ती नवी सून, जिने कर्ज घेतलेलंच नाही.

मग एके दिवशी किनाऱ्याजवळ जहाज अडकतं, पाणबुड्या खाली उतरतो आणि त्याला रेबेकाची बुडालेली बोट सापडते. आत एक प्रेत. आता मॅक्सिमला बोलावंच लागतं. रेबेका बुडाली नव्हती, त्यानेच तिला गोळी घातली होती आणि बोटीत ठेवून बोट बुडवली होती. त्याचं तिच्यावर कधी प्रेम नव्हतं. तिची बाहेर प्रकरणं होती. घराण्याची अब्रू जाऊ नये म्हणून त्याने लग्नानंतर लगेचच तिच्याशी सौदा केला होता, ती घर झकास चालवेल आणि तो गप्प राहील. वर्षानुवर्षं जगाला ते आदर्श जोडपं दिसत होतं.

इथे आपली नायिका काय करते? तिला आनंद होतो! याचं पहिलीवर प्रेम नव्हतं, एवढंच तिच्या कानात शिरतं. एका बाईचा खून झाला आहे, हे जणू तिला ऐकूच येत नाही. आणि मैत्रिणींनो, वाचणाऱ्या आपणही तिच्याबरोबर सुटकेचा श्वास सोडतो. आता नवरा पकडला जाऊ नये म्हणून आपणच देवाला हात जोडतो. लेखिकेचं कसब इथे आहे. गुपित इतके दिवस बाहेर उभं केल्यावर शेवटी दार उघडलं, तर माणूस आत शिरतो आणि स्वतःच कडी लावून घेतो. हिचकॉकच्या सिनेमात हे बदललं. तेव्हाच्या नियमांप्रमाणे खुनी नायक सुटलेला दाखवता येत नव्हता, म्हणून तिथे रेबेका अपघाताने पडून मरते. ते बघायला सोपं जातं. पुस्तक आपल्याला तेवढं सोपं सोडत नाही.

आणखी दोन गोष्टी मला रात्री झोपू देत नाहीत. पहिली म्हणजे रेबेका वाईट होती, हे आपल्याला सांगतो कोण? ज्याने तिला मारलं तो. तिची बाजू मांडायला उरते फक्त डॅन्व्हर्स. मेलेल्या माणसाला आपल्या खात्यात स्वतः नोंद करता येत नाही. गावात एखाद्या गेलेल्या बाईबद्दल जे बोललं जातं, ते ऐकताना मला हल्ली हे आठवतं.

दुसरी त्याहून वाईट. रेबेका बेपत्ता झाल्यावर दूरच्या किनाऱ्याला एका बाईचं प्रेत लागलं होतं. मॅक्सिमने जाऊन ही माझीच बायको असं सांगितलं आणि ते प्रेत द विंटरांच्या दफनघरात रेबेकाच्या नावाने ठेवलं गेलं. ती बाई कोण होती? तिच्या घरी कुणी वाट बघत असेल का? कादंबरी ते सांगत नाही, कुणाला विचारावंसंही वाटत नाही. एक खोटी नोंद झाकायला कुणाची तरी खरी नोंद पुसली गेली.

शेवट तर आमच्या सरांनी वर्गात शिकवावा असा आहे. चौकशीत रेबेकाने आत्महत्या केली असा निकाल लागतो. मग तिचा चुलतभाऊ फॅव्हेल पैसे उकळायला येतो. ती आत्महत्या करणारी नव्हती, असं तो म्हणतो. त्यासाठी सगळे तिच्या लंडनच्या डॉक्टरकडे जातात. तिथे कळतं की रेबेकाला बरा न होणारा कर्करोग होता. झालं, आत्महत्येला कारण मिळालं, फाइल बंद! हिशेबात याला एक नाव आहे, दोन चुका एकमेकींना भरून काढतात आणि तेरीज जुळते. जुळलेली तेरीज म्हणजे बरोबर वही नव्हे, हे कॉमर्सच्या मुलाला पहिल्याच वर्षी सांगतात. नवरा-बायको गाडीने घरी परततात तेव्हा मँडर्ली पेटलेलं असतं. पुढचं आयुष्य ते परदेशातल्या हॉटेलांत काढतात. घराण्याचं नाव वाचवायला सगळं केलं आणि शेवटी घरच राहिलं नाही.

आता आपल्याकडे येते. खून-बिन सोडा, पण लग्न जमवताना आपण काय काय खणात मागे सारतो ते आठवा. मुलाला लहानपणी फिट यायच्या. मुलीचा साखरपुडा मोडला होता. दुकानावर कर्ज आहे. सासरे रात्री घेतात. बायोडाट्यात उंची, शिक्षण, मामांचं गाव, सगळं येतं, हे येत नाही. "लग्न झालं की आपोआप कळेल," असं म्हणतात. कळतंच. पण ते कळतं शेजारणीकडून, हळदीकुंकवाला, चार बायकांच्या देखत. माझ्या माहितीतल्या एका मुलीला नवऱ्याचं आधीचं मोडलेलं लग्न असंच कळलं. तिला त्या मोडलेल्या लग्नाचं फारसं काही वाटलं नाही. ती म्हणायची, "गल्लीला माहीत होतं आणि मला नव्हतं." ती तेवढी एक गोष्ट तिच्या मनातून अजून गेलेली नाही.

आमच्या घरातही हा प्रश्न गेल्या वर्षी आला. माझ्या धाकट्या जाऊबाईंना दुसऱ्या बाळंतपणानंतर मनाचा आजार झाला होता. उपचार झाले, संसार नीट केला, मुलं शिकवली, आणि आजही रोज रात्री एक गोळी असते. (हे तिला वाचून दाखवून, तिच्या परवानगीने लिहिते आहे.) पुतण्याला स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा घरात बसून बोलणं झालं. भावजींचं म्हणणं, "विचारलं तर सांगू, आपणहून कशाला?" यांचंही तेच. मी म्हटलं, येणारी मुलगी या घरात राहणार आहे, तिला आधी कळलं पाहिजे. बराच वाद झाला. जाऊबाई इतका वेळ पोळ्या लाटत होती. तवा उतरवून बाहेर आली आणि म्हणाली, "ताई, गोळी माझी आहे ना? मग सांगायचं की नाही ते तुम्ही सगळे का ठरवताय? मी सांगेन."

आणि तिने सांगितलं. पहिल्याच स्थळाच्या वेळी, मुलीच्या आईला स्वयंपाकघरात नेऊन, दोन वाक्यांत. त्या बाईंनी तिचा हात धरला, डोळ्यांत पाणी आणलं. चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. भावजी महिनाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते. जाऊबाई पंधरा दिवस मंदिरात आली नाही. दुसऱ्या स्थळालाही तिने सांगितलं. तिथून अजून हो नाही की नाही नाही. पुतण्याचं लग्न अजून ठरलेलं नाही, आणि सांगितल्याने सगळं छान होतं असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. एवढंच सांगते की त्या गोळ्यांची डबी इतकी वर्षं तांदळाच्या डब्यामागे असायची. आता ती जेवणाच्या टेबलावर तिच्या चष्म्याशेजारी असते.

तिच्या त्या एका वाक्याने मला कादंबरी नव्याने समजली. गुपित उघडं करणं हेच मुळी चांगलं, असं नाही. 'रेबेका'त गुपितं फोडायला उत्सुक असलेली दोन माणसं आहेत, डॅन्व्हर्स आणि फॅव्हेल. एकीला सूड हवा, एकाला पैसा. आपल्याकडे सत्याणुव्रताचे अतिचार सांगताना खोटा लेख करणं, म्हणजे कूटलेखक्रिया, हा दोष सांगितला आहेच. पण दुसऱ्याची एकांतातली गोष्ट चव्हाट्यावर आणणं, म्हणजे रहोभ्याख्यान, हाही सत्यव्रताचाच दोष मानला आहे. एकाच व्रताखाली दोन्ही! खोटी नोंद करू नको आणि दुसऱ्याची वहीही बाजारात उघडू नको. मॅक्सिमने पहिलं केलं, फॅव्हेलने दुसरं. आणि मायेला शल्य म्हणतात, आत मोडून राहिलेला काटा. तो ज्याच्या पायात आहे त्यानेच पाय पुढे करायचा असतो. शेजाऱ्याने जबरदस्तीने ओढला तर जखम होते.

म्हणून मी माझ्यापुरतं असं ठरवलं आहे. ज्याची गोष्ट आहे त्याने सांगावी. जिच्या आयुष्यावर तिचा परिणाम होणार आहे तिला सांगावी, गल्लीला नाही. आणि होकार येण्याआधी सांगावी, कारण त्यानंतर सांगणं म्हणजे नुसतं कळवणं असतं, तिला निवड राहत नाही. मॅक्सिमने मॉन्टे कार्लोत लग्नाचं विचारण्याआधी सांगितलं असतं तर कदाचित ती पळून गेली असती. जाऊ दे ना गेली तर! तो तिचा हक्क होता.

'रेबेका' आजही सहज मिळते. इंग्रजी अवघड नाही, सुरुवातीची वर्णनं थोडी लांबलेली वाटतील तेवढं सोसा. घरात सून किंवा लग्नाची मुलगी असेल तर दोघी मिळून वाचा, नाहीतर 'कोहरा' तरी एकत्र बघा. आणि पुस्तक वाचताना एक करून बघा. प्रत्येक प्रकरण संपलं की पुस्तक मांडीवर ठेवून एकमेकींना विचारा, आत्तापर्यंत ही गोष्ट कुणाकुणाला माहीत आहे, आणि तिला अजून का कुणी सांगितली नाही? आमच्याकडे मी आणि सूनबाईंनी हे केलं. दहाव्या-बाराव्या प्रकरणाला पोचेपर्यंत ती मँडर्लीबद्दल बोलायची थांबली आणि आमच्या घराबद्दल दोन प्रश्न विचारले. दोन्हींची उत्तरं मी तिला दिली.